अर्धवट इमारतीतली माणसे सरकारची कोण लागतात?

माझी मावसबहीण आणि तिचा नवरा पुण्याच्या पूर्वेला, महापालिकेची हद्द संपते तिथून थोडे पुढे, एका प्रकल्पात राहतात. माहितीपत्रकात पाच इमारती, क्लबहाऊस आणि मुलांची बाग होती. जागेवर दोन इमारती उभ्या आहेत. तिसरी नवव्या स्लॅबपर्यंत येऊन थांबली आणि तिच्या माथ्यावरचे उघडे गज आता गंजून लाल झाले आहेत. चौथी-पाचवीच्या जागी खोदलेला खड्डा पावसाळ्यात भरतो. त्याच्या कडेने पत्रे लावण्याचे काम रहिवाशांनीच वर्गणी काढून केले, कारण मुले तिकडेच खेळतात.

या दोघांना ताबा मिळाला तो 'फिट-आऊटसाठी'. म्हणजे आत या, फर्निचर करून घ्या, भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहण्याजोगी असल्याचा दाखला (ओसी), दोन महिन्यांत येईल. भाडे आणि हप्ता दोन्ही झेपेनात म्हणून ते राहायलाच आले. आसपासची साठेक कुटुंबेही याच हिशोबाने आली. ओसी आजतागायत आलेली नाही. पाणी टँकरने येते. वीज बरेच दिवस बांधकामासाठी घेतलेल्या तात्पुरत्या जोडणीवरून होती. बिल थकले की अख्खी इमारत अंधारात जायची आणि सहाव्या मजल्यावरच्या आजोबांना डायलिसिसला न्यायचे तर चार जण खुर्ची धरून जिना उतरायचे. कोणत्याही कार्यालयात गेले तरी पहिला प्रश्न एकच: ओसी आहे का? नसेल, तर कागदावर तुम्ही तिथे राहतच नाही. घरपट्टीची मागणी मात्र त्याच पत्त्यावर वेळेवर येते आणि मतदार यादीतही तोच पत्ता आहे.

अशा माणसांना सरकारने मदत करावी का, हा प्रश्न आपल्याकडे निघाला की चर्चा लगेच प्रकल्पाकडे वळते. प्रकल्प कसा पूर्ण करायचा, त्यात पैसा कोण घालणार, जादा एफएसआय, म्हणजे त्याच जमिनीवर जास्त बांधायची परवानगी, किती द्यायचा. हे प्रश्न खरेच आहेत. पण इमारत पुरी व्हायला पाच-सात वर्षे लागणार असतील, तर त्या पाच-सात वर्षांत माणसे जगणार कशी, याचे उत्तर त्यात नाही. माझे म्हणणे असे आहे की सरकारची पहिली जबाबदारी या मधल्या वर्षांची आहे. ती जबाबदारी कशी येते, हे सरकारने या घरांमधून काय घेतले ते पाहिले की कळते.

पुण्यात ६० लाखांचे, बांधकाम चालू असलेले घर घेणाऱ्याचा हिशोब मांडून पाहू. मुद्रांक शुल्क सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे ४ लाख २० हजार. नोंदणी फी ३० हजार. जीएसटी ५ टक्के, म्हणजे ३ लाख. एकूण साडेसात लाख रुपये. यातली मोठी रक्कम पहिली वीट चढण्याआधी, कराराच्या दिवशीच तिजोरीत जाते. आणि जीएसटीची गोष्ट तर नीट समजून घेण्यासारखी आहे. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या तयार घरावर तो लागतच नाही. तो लागतो फक्त अपूर्ण घरावर. घर अपूर्ण आहे म्हणून केंद्र आणि राज्य दोघे मिळून कर घेतात, आणि ते अपूर्णच राहिले तर दोघांपैकी कोणीही 'हा पैसा आम्ही कशाचा घेतला होता' असे स्वतःला विचारत नाही. करार रद्द करून मुद्रांक शुल्क परत मिळवण्याची सोय कायद्यात आहे, पण त्यासाठी नोंदणीकृत रद्दलेख हवा, तो ठरावीक मुदतीत हवा, आणि मुख्य म्हणजे ताबा घेतलेला नसावा. घर हवेच असलेल्या, अर्धा संसार तिथे मांडून बसलेल्या माणसाला त्याचा काही उपयोग नाही.

सरकार या व्यवहारात फक्त कर घेण्यापुरते नसते. नकाशे मंजूर त्याने केले, काम सुरू करण्याचा दाखला त्याने दिला. २०१७ पासून जाहिरातीवर महारेराचा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी क्रमांक छापावा लागतो आणि लोक तो क्रमांक बघून पैसे भरतात. माझ्या बहिणीनेही तो बघूनच भरले. 'रेरा नंबर आहे ना, मग काही नाही होत' हे वाक्य मी त्या वर्षांत किती घरांत ऐकले असेल! तो क्रमांक म्हणजे हमी नव्हे, हे कायद्याच्या दृष्टीने बरोबर आहे. पण सरकारचा शिक्का बघून विश्वास ठेवणाऱ्या नागरिकाला नंतर 'तू नीट चौकशी करायला हवी होतीस' असे सांगण्याचा अधिकार सरकारला उरत नाही.

आता प्राप्तिकराकडे वळू, कारण अन्याय तिथे सर्वांत उघडा आहे. जुन्या करप्रणालीत स्वतः राहण्याच्या घराच्या कर्जावरील व्याजाला वर्षाला २ लाखांपर्यंत वजावट मिळते. पण ती सुरू होते घर पूर्ण झाल्याच्या वर्षापासून. आणि कर्ज घेतलेल्या आर्थिक वर्षाच्या अखेरीपासून ५ वर्षांत बांधकाम पूर्ण झाले नाही, तर २ लाखांची मर्यादा थेट ३० हजारांवर येते. उशीर कोणी केला? बिल्डरने. वजावट कोणाची गेली? रोज सकाळी टँकरची वाट बघणाऱ्याची. प्रकल्पाची रेरा नोंदणी संपली असेल आणि काम ठप्प असेल, तर ही ५ वर्षांची अट त्या खरेदीदाराला लागू होणार नाही, एवढी एक ओळ घालायला कोणता मोठा खर्च आहे? वर्षानुवर्षे अर्थसंकल्प मांडले गेले, ती ओळ काही आली नाही.

हेच काम दुसरीकडे कसे झाले ते सांगतो. २००८ च्या मंदीत आयर्लंडमधला घरबांधणीचा फुगा फुटला आणि गावोगावी अर्धवट वसाहती राहिल्या. रस्ते नाहीत, दिवे नाहीत, सांडपाण्याची व्यवस्था नाही आणि मधोमध चार-सहा घरांत माणसे राहताहेत. तिथल्या सरकारने २०१० मध्ये जागेवर जाऊन मोजणी केली तेव्हा अशा २,८४६ वसाहती निघाल्या. पहिला पैसा दिला तो सुरक्षिततेसाठी: कुंपण घालणे, खड्डे बुजवणे, दिवे लावणे. २०१२ मध्ये प्रत्येक घरावर १०० युरोंचा नवा कर आला तेव्हा सर्वांत वाईट अवस्थेतल्या १,३०० हून अधिक वसाहतींची यादी करून तिथल्या रहिवाशांना त्यातून वगळले. पुढे रस्ते आणि सांडपाण्याची कामे पुरी करायला १ कोटी युरोंचा खास निधी काढला. सगळे सुरळीत झाले असे नाही. बऱ्याच वसाहती पुढे कित्येक वर्षे तशाच राहिल्या, यादीत आपली वसाहत का नाही यावरूनही वाद झाले. पण तिथल्या सरकारने एक गोष्ट आधी केली: कोण, कुठे, कसे राहते ते मोजले. महारेराच्या संकेतस्थळावर नोंदणी संपलेल्या प्रकल्पांची यादी दिसते. त्या यादीवरून कोणत्या प्रकल्पात किती कुटुंबे आत्ता राहताहेत, पाणी कुठून येते, लिफ्ट चालते की नाही, यातले काहीच कळत नाही.

आपल्याकडे मदत अगदीच झालेली नाही असे म्हणणे खोटे ठरेल. नोव्हेंबर २०१९ मध्ये केंद्राने रखडलेल्या प्रकल्पांसाठी २५ हजार कोटींचा 'स्वामिह' निधी जाहीर केला. त्यातून पहिला पुरा झालेला प्रकल्प आपल्या बोरिवलीतला, रिवाली पार्क. २०२१ च्या मे महिन्यात तिथल्या लोकांना ताबा मिळाला. २०२५ च्या अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ५० हजार घरे पुरी झाल्याचे सांगितले आणि आणखी १ लाख घरांसाठी १५ हजार कोटींच्या दुसऱ्या निधीची घोषणा केली. भाडे आणि हप्ता असा दुहेरी भार सोसणाऱ्या मध्यमवर्गाचा उल्लेखही त्या भाषणात होता. ज्यांना घर मिळाले त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे, आणि मी ती कमी लेखणार नाही.

पण आकडे शेजारी ठेवून पाहा. रखडलेल्या प्रकल्पांसाठी केंद्राने नेमलेल्या अमिताभ कांत समितीने २०२३ मध्ये अहवाल दिला तेव्हा देशात अडकलेल्या घरांचा अंदाज ४ लाख १२ हजारांचा होता. आणि स्वामिहचा निधी कितीही वाढवला तरी त्याला एक अंगभूत मर्यादा आहे. ती गुंतवणूक आहे, तिला परतावा हवा. त्यामुळे ज्या प्रकल्पात विकायला घरे शिल्लक आहेत, ज्याचे येणे देण्यापेक्षा जास्त आहे, तोच पात्र ठरतो. म्हणजे जिथे बिल्डरने सगळी घरे विकून, पैसा दुसरीकडे वळवून, कर्ज मात्र या जमिनीवर काढून ठेवले, तिथे हा निधी पोहोचतच नाही. ज्यांची जास्त फसवणूक झाली त्यांना कमी मदत, असा याचा अर्थ होतो. निधीच्या व्यवस्थापकाला मी दोष देत नाही, कारण गुंतवणुकीचे नियम असेच असणार. दोष आहे तो याच एका निधीकडे बोट दाखवून 'आम्ही केले' म्हणण्यात.

रेरा कायद्याच्या कलम ८ चेही असेच. नोंदणी संपली किंवा रद्द झाली की उरलेले काम कोणी करायचे हे ठरवताना पहिला हक्क घर घेणाऱ्यांच्या संघटनेला आहे. वाचायला फार चांगले कलम आहे. पण बहिणीची सोसायटी डोळ्यांपुढे आणा. जमीन गहाण, जमीनमालकाशी बिल्डरचा दावा चालू, लेखापालाने हिशोब दिलेला नाही. उरलेल्या तीन इमारती पुऱ्या करायला काही कोटी लागणार आणि कमिटीत एक निवृत्त शिक्षक, दोन आयटीतली मुले आणि एक औषध दुकानदार. यांनी ठेकेदार नेमायचा, बँकेशी बोलायचे, मंजुऱ्या आणायच्या! भरपाईचे आदेश निघतात ते वसुलीसाठी जिल्हाधिकाऱ्यांकडे जातात, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखे वसूल करायला. तिथून ते तहसीलदाराकडे, आणि तहसीलदाराच्या टेबलावर पीक पंचनामे, दाखले, निवडणुकीची कामे आधीच पडलेली. लोक तहसील कचेरीत वसुलीच्या वॉरंटची झेरॉक्स घेऊन किती फेऱ्या मारतात ते जाऊन बघावे.

गोरेगावच्या सिद्धार्थनगरची, म्हणजे पत्राचाळीची कहाणी मला या सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण तिथे 'खाजगी व्यवहार होता, आम्ही काय करणार' असे म्हणायलाही जागा नव्हती. जमीन म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची. ६७२ कुटुंबे. २००८ मध्ये रहिवाशांची सोसायटी, म्हाडा आणि विकासक असा तिहेरी करार झाला. चाळी पाडल्या, लोक भाड्याच्या घरांत गेले. काही वर्षांनी भाडे येणे थांबले. जमिनीवरचे बांधकाम हक्क विकासकाने दुसऱ्या बिल्डरांना परस्पर विकल्याचा आरोप झाला, पुढे ईडीची चौकशी लागली. म्हाडाने आपल्या वाट्याच्या ३०६ घरांची सोडत २०१६ मध्ये काढली. इमारती तेव्हा पुऱ्या झालेल्या नव्हत्या, म्हणून सोडतीत नाव लागलेलेही रहिवाशांच्याच रांगेत येऊन उभे राहिले. २०१८ मध्ये विकासकाला काढले, मग समिती, मग मंत्रिमंडळाचा निर्णय, आणि २०२२ च्या फेब्रुवारीत म्हाडाने स्वतः काम पुन्हा सुरू केले. करारापासून १४ वर्षे.

त्या १४ वर्षांत वर्तमानपत्रांत पत्राचाळ खूप वेळा आली, पण बहुतेक वेळा राजकारणाच्या बातमीत. कोणाला अटक झाली, कोण सुटले. चाळीतल्या स्वतःच्या दाराला कुलूप घालून निघालेली, तीन वर्षांत परत येऊ म्हणून भांडी गाठोड्यात बांधून ठेवणारी बाई विरारला की बदलापूरला, कितव्या भाड्याच्या खोलीत गेली आणि तिथेच तिचे किती म्हातारपण सरले, ही बातमी कधी झाली नाही. अखेरीस म्हाडाने काम हाती घेतले म्हणजे सरकारी यंत्रणेला ते करता येत होते. मग तेच २०१५ मध्ये का करता आले नाही? भाडे थांबल्याचा पहिला महिना हीच धोक्याची घंटा होती. त्या घंटेला उत्तर देण्याचे काम कोणा एका कार्यालयाचे म्हणून ठरलेलेच नव्हते.

त्यानंतर काही बदलले आहे, हेही सांगायला हवे. ऑगस्ट २०२३ पासून झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण विकासकाकडून दोन वर्षांचे भाडे आगाऊ भरून घेते. त्यामागे अशा बुडालेल्या भाड्यांचा मोठा अनुभव आहे. मुंबई शहरातल्या उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणाऱ्या जुन्या, इमारतींचे रखडलेले पुनर्विकास ताब्यात घेण्याचा अधिकार म्हाडाला मिळाला, त्या दुरुस्तीला राष्ट्रपतींची मंजुरी २०२२ च्या अखेरीस आली. पण हे सगळे मुंबईच्या चाळीला आणि झोपडीला. वाघोली, बदलापूर, नालासोपारा, तळेगाव इथे जो माणूस कर्ज काढून स्वतःच्या मालकीचे घर घेतो आणि अडकतो, त्याच्यासाठी असे भाडे आगाऊ कोण घेऊन ठेवते?

इथे एक आक्षेप येतो आणि तो मला मनापासून ऐकावासा वाटतो. ज्यांच्याकडे छप्परच नाही अशी माणसे या राज्यात लाखोंनी आहेत. ऊसतोड कामगाराच्या कोपीला दरवाजा नसतो. मग साठ लाखांचे घर घेणाऱ्याचा तोटा करदात्याने का भरून द्यावा? आणि असे भरून देत गेलो तर बिल्डर आणखी सोकावतील, लोकही डोळे मिटून पैसे गुंतवतील.

पहिल्या भागाचे उत्तर वरच्या साडेसात लाखांत आहे. या कुटुंबांनी आधीच भरलेल्या पैशातला काही भाग त्यांच्याच अडचणीच्या काळात त्यांच्याकडे वळवा, एवढीच मागणी आहे. कोपीतल्या माणसाच्या वाट्याला त्याने हात लागत नाही. शिवाय अडकलेले सगळे सुस्थितीतले असतात ही समजूतच चुकीची आहे. पत्राचाळीतली ६७२ कुटुंबे चाळीतलीच होती. वसई-विरारच्या पट्ट्यात वन रूम किचन घेणारा रिक्षावाला, बायकोचे मंगळसूत्र गहाण ठेवून बुकिंग भरणारा वॉचमन, हीही याच यादीतली माणसे. दुसरा भाग अधिक खरा आहे, आणि म्हणूनच मदत कोणाला द्यायची हे काटेकोर ठरवावे लागेल. एका प्रकल्पात पाच फ्लॅट गुंतवणूक म्हणून घेतलेल्याला यातला रुपयाही नको. ज्याचे हे एकमेव घर आहे आणि जो तिथे राहतो, किंवा त्याच घराच्या ताब्यासाठी भाड्याने राहतो, त्यालाच. बिल्डरच्या हातात तर काहीच नको. जो पैसा सरकार खर्च करील त्याचा बोजा न विकलेल्या घरांवर, उरलेल्या जमिनीवर आणि संचालकांच्या वैयक्तिक मालमत्तेवर चढावा, आणि बँकेच्या आधी चढावा.

बँकेच्या आधी, हे मी जाणूनबुजून म्हणतो. काम किती झाले ते न बघता हप्ते बिल्डरला सोडणाऱ्या, 'ताब्यापर्यंत ईएमआय नाही' अशा योजना विकणाऱ्या वित्तसंस्थांचा या दुखण्यात मोठा हात आहे. २०१९ मध्ये राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना अशा योजनांपासून दूर राहायला सांगितले, आणि २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बिल्डर-बँक साटेलोट्याची सीबीआय चौकशी लावली. तोवर कर्जाचा ससेमिरा खरेदीदारामागेच लागलेला होता. प्रकल्प ठप्प झाल्याचे महारेराने जाहीर केले की त्या दिवसापासून खरेदीदाराचा हप्ता थांबावा, व्याज गोठावे आणि सिबिलवर, म्हणजे त्याच्या पतनोंदीवर, डाग पडू नये, हा रिझर्व्ह बँकेच्या एका परिपत्रकाचा विषय आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घराचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे पुन्हा ठामपणे सांगितले आणि अडकलेल्या प्रकल्पांसाठी निधी उभारण्याचा किंवा स्वामिह वाढवण्याचा विचार करायला केंद्राला सुचवले. निकालाचे स्वागत सगळ्यांनी केले. पण जगण्याचा हक्क म्हटले तर त्यात पाणी आधी येते. ओसी नाही म्हणून नळजोड नाही, हा नियम बिल्डरला वेसण घालण्यासाठी केला होता. बिल्डर पळून गेल्यावर ती वेसण रहिवाशाच्या नाकात उरली. ज्या इमारतीत माणसे राहताहेत आणि जिची रचना सुरक्षित असल्याचा अभियंत्याचा दाखला आहे, तिला पाणी, रहिवासी दराने वीज आणि कचरा उचलण्याची सेवा ओसीची वाट न बघता मिळाली पाहिजे. त्याचा खर्च प्रकल्पाच्या जमिनीवर बोजा म्हणून नोंदवता येतो, सातबाऱ्यावर किंवा मिळकत पत्रिकेवर, एका फेरफाराने. अग्निशमनाची व्यवस्था आणि लिफ्ट यांसाठी तर एक दिवसही थांबू नये.

आणि मुद्रांक शुल्कातला एक ठरावीक हिस्सा दर जिल्ह्यात वेगळा ठेवावा. रस्ते-मेट्रोसाठी अधिभार लावता येतो, तर ज्यांच्याकडून तो अधिभार घेतला त्यांच्यासाठी का नाही? त्यातून भाडे मिळावे, टँकर मिळावा आणि कलम ८ खाली काम पुढे न्यायला सोसायटीला पूर्ण वेळचा अभियंता आणि वकील मिळावा. नोंदणी संपल्यापासून सहा महिन्यांत काम कोण पुरे करणार ते ठरले पाहिजे: संघटना, म्हाडा की सिडको. सातव्या महिन्यात उत्तर द्यायला कोणत्या अधिकाऱ्याला उभे राहावे लागेल, त्याचे पद शासन निर्णयात लिहिलेले असावे.

परवा बहिणीकडे गेलो तेव्हा टँकर उशिरा आला होता. तिच्या धाकट्या मुलाचा जन्म याच घरातला, त्याने नळाला पाणी येताना अजून पाहिलेले नाही. तो आता पहिलीत आहे.